वसईचे दुभाषी संत : संत गोन्सालो गार्सिया

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेंत आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें, देवळाच्या बांधकामाची हकीकत आणि वर्गणीदारांची यादी हीं ओघानेंच यावयाचीं. त्यांच्या शेजारीं एका अशा साधुपुरुषाचें चरित्र असावें अशी आमची इच्छा आहे कीं, ज्यांचें नांव अशा कोणत्याच यादींत बसलें नसतें. संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते. त्यांनीं कधीं मिस्साबलिदान अर्पण केलें नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं, कीं मठ स्थापिला नाहीं. एकाचे शब्द दुसऱ्याच्या भाषेंत उतरवून त्याच्या कानीं घालणें हें त्यांचें जन्मभराचें काम, आणि त्या कामाच्या वाटेनेंच ते क्रूसापर्यंत पोंचले. भरतभूमींत जन्मलेल्यांपैकीं संतपदाचा मान प्रथम ज्यांस मिळाला ते हेच.

आमच्या बिरसी-गोंदियाच्या बाजूस या चरित्राचें अगत्य कां वाटावें, असें कोणी विचारील. सॅव्हॉय प्रांतांतील ॲनेसी येथील, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू १८४५ सालीं हिंदुस्थानांत आले आणि लवकरच नागपूरकडे त्यांचें कार्य सुरू झालें. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या भागांत सुवार्ता परदेशीय धर्मगुरूंच्या मुखानें आली, असें आपण म्हणतों. परंतु तें अर्धेंच खरें. मराठी, हिंदी, गोंडी, पोवारी अशा नाना बोलींच्या या मुलखांत त्या धर्मगुरूंच्या शब्दाला वाचा दिली ती गांवोगांवच्या धर्मशिक्षकांनीं. फादर एक वाक्य बोलत, आणि शेजारीं उभा असलेला धोतर-सदऱ्यांतला माणूस तेंच वाक्य आपल्या आजीला समजेल अशा बोलींत सांगत असे. फादरांचीं चित्रें भिंतीवर लागलीं. त्या माणसांचीं लागलीं नाहींत. म्हणूनच त्यांच्या जातीच्या या संताचें दर्शन घ्यावें असें मनांत येऊन आम्ही कांहीं मंडळी वसईच्या यात्रेस निघालों.

बिरसी हें धानाच्या बांध्यांमधलें लहानसें गांव. बाहेरच्या जगास त्याचें नांव ठाऊक झालें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें बांधलेल्या विमानांच्या धांवपट्टीमुळें. आमचा प्रवास मात्र आगगाडीचाच. गोंदियाहून मुंबई सुमारें साडेनऊशें किलोमीटर; तेथून पुढें वसई रोड स्थानक. स्थानकाबाहेर जी गर्दी आणि जीं उंच घरें दिसलीं, त्यांवरून लहानशा तीर्थक्षेत्राची आमची कल्पना पार पुसली गेली. परंतु पश्चिमेकडे समुद्राच्या रोखानें चालूं लागलें कीं हळूहळू जुनी वसई भेटूं लागते. केळीच्या बागा, विहिरी, फुलांचे मळे, वाटेच्या वळणावर चुना दिलेला क्रूस आणि त्याच्या पायथ्याशीं मेणबत्तीचे थेंब. म्हाताऱ्या सामवेदी बाया अजून कोठें कोठें लाल लुगडें नेसलेल्या दिसतात. त्यांची बोली आम्हांस प्रथम कळेना. ती मराठीच, परंतु आमच्या मराठीपासून इतकी दूर कीं आमच्यांतील एकास दोनदां विचारून घ्यावें लागलें. दुभाषी संताच्या गांवीं पाऊल ठेवतांच आम्हांस दुभाष्याची गरज पडली, याचें आम्हांस हंसूं आलें.

वसईचा किल्ला समुद्राच्या खाडीवर आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि १५३६ पासून त्यांनीं तेथें तटबंदी उभारण्यास आरंभ केला. पुढें हें नगर वैभवास चढलें. तटाच्या आंत वाडे, मठ, इस्पितळ, तुरुंग आणि अनेक देवळें होतीं. संत फ्रान्सिस झेवियर या नगरांत एकाहून अधिक वेळां येऊन गेले. १५४८ च्या सुमारास येशूसंघानें तेथें विद्यालय स्थापिलें. अशा या नगरांत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथल्याच मातीची, कोंकणांतली. म्हणजे घरांतच दोन भाषा नांदत होत्या. बापाशीं बोलतांना एक आणि आईशीं बोलतांना दुसरी, अशी सवय ज्या मुलास पाळण्यापासून लागते, त्यास शब्दामागचा अर्थ शोधण्याची खोड आपोआप जडते. निदान आमचा तरी तसा अनुभव आहे, कारण आमच्या भागांतील किती तरी मुलें घरीं पोवारी, बाजारांत हिंदी आणि शाळेंत मराठी बोलत वाढतात.

येशूसंघाच्या विद्यालयांत या मुलाचें शिक्षण झालें. सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या धर्मगुरूंचा त्याच्यावर लोभ जडला. १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं, त्यांच्यासमवेत तो जपानास गेला. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं १५४९ सालीं जपानांत पाऊल टाकल्यास तेव्हां उणींपुरीं तेवीस वर्षें झालीं होतीं. आज नकाशावर बोट ठेवून दाखवितां येतो तो जलमार्ग त्या काळीं महिनेच्या महिने खाई. वाटेंत वादळें, रोग आणि चांचे. एवढ्या वयाच्या मुलास आईनें कसें जाऊं दिलें असेल, हा विचार आमच्यासोबतच्या एका माउलीनें किल्ल्यांतील पडक्या भिंतीपाशीं बसून बोलून दाखविला, आणि बराच वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं. गोन्सालो पुन्हां वसईस परतल्याचें वृत्त आम्हांस कोठें आढळलें नाहीं.

जपानांत हा तरुण ती अवघड भाषा जपान्यांसारखी बोलूं लागला. त्या भाषेंत समोरच्या माणसाच्या पायरीप्रमाणें क्रियापदें बदलतात. शेतकऱ्याशीं बोलण्याची रीत निराळी आणि सरदाराशीं बोलण्याची निराळी. केवळ शब्द पाठ करून तेथें निभाव लागत नाहीं. गोन्सालो लोकांत मिसळले आणि आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. मुलांस प्रार्थना शिकविणें, बाप्तिस्म्याची इच्छा करणाऱ्यांस तयार करणें, धर्मगुरूंच्या प्रवचनाचा अर्थ सांगणें, असें तें काम होतें. याच काळांत, १५७९ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यास उतरले आणि पुढें येथील लोकांची भाषा शिकून त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. इंग्लंडचा पुत्र मराठी शिकत होता त्याच सुमारास कोंकणी आईचा पुत्र जपानी बोलत होता. हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

येशूसंघांत प्रवेश मिळावा ही गोन्सालोंची मनापासून इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. त्या काळीं अशा प्रवेशाच्या वाटेंत पुष्कळ अडथळे असत, आणि मिश्र रक्ताच्या तरुणांस ते विशेष जाचत. या नकाराचा शोक त्यांनीं किती केला हें आपण समजूं शकतों. पण त्यापायीं त्यांनीं ना श्रद्धा सोडली ना त्या संघाशीं वैर धरलें. ते धर्मकार्य सोडून व्यापारांत पडले. चीन-जपानच्या सागरांत रेशीम आणि रुपें यांचा जो मोठा व्यवहार चाले त्यांत त्यांचा चांगला जम बसला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, शब्दाला किंमत होती. आपल्यांतील एखादा मुलगा गुरुविद्यालयांतून परत आला कीं गांवांत कुजबुज सुरू होते. अशा घरांतील आईबापांनीं गोन्सालोंच्या आयुष्यांतील हीं व्यापारी वर्षें मुद्दाम ध्यानांत घ्यावींत. देवाचें बोलावणें तेवढ्यानें थांबलें नव्हतें.

व्यापाराच्या फेऱ्यांत ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला नगरीस गेले. तेथें स्पॅनिश लोकांची सत्ता होती, आणि संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या संघाचे अनवाणी व्रतस्थ दीनदुबळ्यांची सेवा करीत. त्यांची राहणी पाहून या धनवान व्यापाऱ्याचें मन पालटलें. जोडलेली संपत्ति सोडून त्यांनीं तो जाडाभरडा अंगरखा पत्करिला आणि त्या संघांत सामान्य बंधु म्हणून प्रवेश केला. धर्मगुरूपदाची अपेक्षा त्यांनीं ठेविली नाहीं.

इतक्यांत राजकारणाचें वारें फिरलें. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८७ सालींच परदेशीय धर्मोपदेशकांस देश सोडण्याचें फर्मान काढिलें होतें, परंतु तें कडकपणें अमलांत आलें नव्हतें. १५९२ सालीं त्यानें कोरियावर स्वारी केली, आणि मनिलाच्या स्पॅनिश सुभेदारानेंही आपलें स्वामित्व मान्य करावें असा निरोप धाडला. सुभेदारानें १५९३ सालीं फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून पाठविलें. त्यांस जपानी येत नव्हतें. सोबत दुभाष्या कोण न्यावा, हा प्रश्न पडण्याचें कारणच नव्हतें. बंधु गोन्सालो पुन्हां जपानास निघाले. पूर्वीं विद्यार्थी म्हणून आणि मग व्यापारी म्हणून पाहिलेल्या त्या किनाऱ्यावर आतां ते अनवाणी उतरले.

क्यूशू बेटावरील नागोया येथील छावणींत हिदेयोशीची भेट झाली. वाचकांनीं तो देखावा क्षणभर मनापुढें आणावा. एका बाजूस लक्षावधि सैन्याचा धनी, ज्याच्या भुवईच्या हालचालीवर माणसांचीं डोकीं उडत. दुसऱ्या बाजूस ठिगळें लावलेले चार व्रतस्थ. तो शरणागति मागत होता; यांना मैत्रीखेरीज कांहीं देण्याचा अधिकार नव्हता. मध्यें गोन्सालो. त्यांनीं शब्द मवाळ करून शरणागतीचा आभास निर्माण केला असता तर खोटें पडलें असतें. आणि स्पॅनिश वाक्य जसेंच्या तसें कठोरपणें मांडलें असतें तर कदाचित् तेथेंच सर्वांचा अंत होता. दुभाष्याचें काम किती नाजूक असतें हें ज्यानें पंचायतींत किंवा कचेरींत दुसऱ्यासाठीं बोललें असेल त्यासच कळेल. शेवटीं स्पेनच्या राजाकडून उत्तर येईपर्यंत व्रतस्थांनीं ओलीस म्हणून जपानांतच राहावें असें ठरलें, आणि त्यांस राजधानी क्योतोस जाण्याची मोकळीक मिळाली.

क्योतो येथें मिळालेल्या जागेवर १५९४ सालीं त्यांनीं देऊळ आणि लहानसा मठ बांधला. त्यांस लागूनच महारोग्यांसाठीं इस्पितळें उभीं राहिलीं. ज्यांस घरचे लोक उंबरठ्याबाहेर काढीत त्यांच्या जखमा हे बंधु आपल्या हातांनीं धूत. रोग्याचें गाऱ्हाणें प्रथम ऐकावयाचें तें गोन्सालोंनींच, कारण तें समजण्याइतकी भाषा त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास येत नव्हती. दरबारांत राजाचा शब्द आणि इस्पितळांत महारोग्याचा शब्द, दोन्ही त्याच एका मुखांतून गेले.

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यांत मनिलाहून मेक्सिकोस निघालेलें सान फेलिपे नांवाचें मोठें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. त्या वेळीं गलबताच्या नाविकानें स्पेनच्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारतांना, धर्मोपदेशक आधीं जातात आणि सैन्य मागाहून येतें अशा अर्थाचे उद्गार काढिले असें सांगतात. त्यावर पुढें पुष्कळ वाद झाले, आणि त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. हिदेयोशीचा संशय भडकला एवढें खरें. त्या डिसेंबरांत क्योतो आणि ओसाका येथील व्रतस्थांच्या मठांवर पहारे बसले.

चोवीस जणांस देहदंड ठरला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें प्रत्येकाचा डावा कान कापण्यांत आला. नाक आणि दोन्ही कान कापण्याची मूळ आज्ञा होती, ती अधिकाऱ्यानें तेवढ्यावर आणिली. मग गाड्यांत घालून त्यांस रस्त्यारस्त्यांतून मिरविलें आणि तेथून दक्षिणेस नागासाकीपर्यंत, ऐन थंडींत, सुमारें एक महिना चालवीत नेलें. वाटेंत कैद्यांची सेवा करीत मागोमाग येणाऱ्या दोघां जपानी ख्रिस्तीजनांसही पहारेकऱ्यांनीं धरलें, आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तिघे जपानी, आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. कोणी सुतार, कोणी धर्मशिक्षक, कोणी वैद्य, आणि तीन तर मुलें. लुईस बारा वर्षांचा, अंतोनियो तेरांचा, तोमास चौदांचा. ज्या येशूसंघानें गोन्सालोंस घेतलें नव्हतें त्याचेच पॉल मिकी, जॉन आणि जेम्स हे तिघे त्यांच्या पावलाशीं पाऊल टाकीत चालत होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, सव्वीस क्रूस एका रांगेंत मांडले गेले. मान, हात आणि पाय लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं जखडून क्रूस उभे केले आणि भाल्यांनीं प्रत्येकाचा देह विंधिला. गोन्सालोंस सर्वांआधीं क्रूसावर चढविलें अशी परंपरा आहे. त्यांचें वय तेव्हां चाळीस वर्षांच्या आसपास होतें. परदेशीय धर्मगुरू काय सांगत आहेत हें जमलेल्या जपानी लोकांस सांगणारा आवाज त्या दिवशीं थांबला. पण तोंवर तें सांगणें जपानी ख्रिस्तीजनांनीं स्वतःच हातीं घेतलें होतें. पॉल मिकी यांनीं क्रूसावरून आपल्याच भाषेंत लोकांस उपदेश केला.

१६२७ सालीं या रक्तसाक्षींस धन्यवादित घोषित करण्यांत आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद अर्पण केलें. निशिझाका टेकडीवर १९६२ सालीं त्यांचें भव्य स्मारक झालें. १९८१ सालीं पोप दुसरे जॉन पॉल नागासाकीस गेले. जगभरच्या ख्रिस्तसभेच्या पंचांगांत ६ फेब्रुवारीचा दिवस पॉल मिकी आणि सहकारी या नांवानें नोंदलेला आहे. गोन्सालो त्या सहकाऱ्यांत येतात. जन्मभर दुसऱ्याच्या वाक्यामागें उभे राहिलेल्या माणसाचें नांव पंचांगांतही मागेंच राहावें, याचें आमच्यांतील तरुणांस वाईट वाटलें. वृद्धांस तसें वाटलें नाहीं.

जन्मभूमींतही त्यांची आठवण सहजासहजीं टिकली नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं मोठ्या शौर्यानें वसई सर केली. पोर्तुगीज अंमल संपला, नगर उठलें, आणि देवळांचीं छपरें हळूहळू कोसळलीं. आज किल्ल्यांत हिंडतांना फ्रान्सिस्कन देवळाच्या जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा पायांखालीं येतात, आणि भिंतींतून पिंपळ वाढलेले दिसतात. शिळांवर सरदारांचीं नांवें आहेत. ज्या स्त्रीच्या पोटीं गोन्सालो जन्मले तिचें नांव आम्हांस कोठेंच आढळलें नाहीं. परंतु राज्य गेलें तरी तटाबाहेरच्या शेतकरी आणि कोळी ख्रिस्तीजनांनीं श्रद्धा जपली, आणि आपल्या गांवच्या संताची कथाही जपली. किल्ल्यांतील येशूसंघाचें जुनें देऊळ आज संत गोन्सालो यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्या संघानें घेतलें नाहीं त्याच्या देवळास त्यांचें नांव! गास गांवच्या देवळासही त्यांचेंच नांव आहे. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

त्यांचा सण वसईकर नाताळानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या निकटच्या रविवारीं करतात. रोमच्या पंचांगांत फेब्रुवारी आणि येथें पौर्णिमा, हें कसें, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. आमचा तर्क असा कीं, दूरदूरच्या गांवांहून बैलगाड्यांनीं येणाऱ्या यात्रेकरूंस परततांना चांदणें मिळावें म्हणून पूर्वजांनीं हा दिवस धरला असावा. आमच्याकडेही मंडईचा दिवस ठरवितांना म्हातारे चंद्राकडे पाहत असत. पडक्या भिंतींच्या आंत वेदी मांडून मराठींत मिस्साबलिदान होतें, हें चित्र आम्हांस फारच भावलें. ज्या भाषेंत गोन्सालोंच्या आईनें त्यांस निजविलें तिच्याच बहिणीभाषेंत आज त्यांच्या नांवानें प्रार्थना चालते.

परततांना वसईचीं प्रसिद्ध सुकेळीं, म्हणजे राजेळी केळीं उन्हांत वाळवून केलेला मेवा, आम्हीं सर्वांनीं बांधून घेतला. गाडींत दोन दिवस कोणी त्याला हात लावला नाहीं, कारण तो घरच्यांसाठीं होता. बिरसीस पोंचल्यावर ६ फेब्रुवारीच्या सायंकाळीं मंडळी एका अंगणांत जमली. आमच्यांतील एकानें वर लिहिलेलें हें चरित्र शुद्ध मराठींत वाचून दाखविलें. वाचन संपल्यावर मागें बसलेल्या म्हाताऱ्या बायांच्या चेहऱ्यांकडे पाहून आमचे वृद्ध धर्मशिक्षक उठले, दिव्याजवळ आले, आणि तीच कथा त्यांनीं पहिल्यापासून, सावकाश, घरच्या बोलींत पुन्हां सांगितली.